बिब्ब्याने उतलेला पाय

ज्याने चितेची राख अंगाला फासून घेतली आणि तिला अमंगळ म्हणण्याची आपली सोयच काढून टाकली, त्या शंभूमहादेवाला आधी नमस्कार. लिहिण्याचे निमित्त घरातलेच आहे. नातसून बाळंत झाली, उद्या बारसे आहे, आणि तिच्या माहेरहून आलेल्या बाळंतविड्यात डिंक, खारीक, बाळंतशेपा यांच्यासोबत कागदाच्या पुडीत सात बिब्बे निघाले. ते मी कोणाला न विचारता उचलले आणि माझ्या पोथ्यांच्या कपाटात कुलपात ठेवले. त्यावरून घरात कुजबुज सुरू आहे. म्हाताऱ्याने बाळंतिणीचा शकुन अडवला, असे विहीणबाईंना वाटले असावे. तोंडाने सांगू गेलो तर अर्धे गाळीन, म्हणून लिहून देतो. जे सांगायचे आहे ते किळसवाणे आहे. जेवणाआधी वाचू नये.

तेव्हा आम्ही मध्य प्रदेशातच होतो. छत्तीसगड वेगळे व्हायला अजून काही वर्षे होती. मी भिलाईच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. टाऊनशिपमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही नवराबायको दोघेच. मुलगी लग्न होऊन वर्ध्याकडे गेलेली, मुलगा जबलपूरला शिकत असलेला. आषाढात मागच्या अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर माझ्या पत्नीचा पाय घसरला आणि उजवा घोटा मुरगळला. हाड मोडले नव्हते. सूज होती, ठणका होता, एवढेच. चार दिवस पाय उशीवर ठेवून शेक दिला असता तर ती आपसूक बरी झाली असती, हे मला आज कळते.

माझे वडील वैद्य नव्हते. पण गावात कुणाला लचक भरली, काटा मोडला की लोक त्यांच्याकडे येत. बिब्बा सुईला टोचून ते समईच्या ज्योतीवर धरीत. काळे तेल सुटू लागले की त्याचे एकदोन थेंब खोबरेल तेलात घेत, सुजेभोवती बारीक रेघ ओढीत आणि ओढताना पुटपुटत मंत्र म्हणत. पाठशाळेत शिकायला जाण्याच्या आधीपासून मी हे पाहिले होते. तेल मोजून दोन थेंब असते याकडे माझे लक्ष कधी गेले नाही. माझे लक्ष मंत्राकडे होते. गुण मंत्राचा, बिब्बा निमित्तमात्र, अशी माझी पक्की समजूत होती, आणि मंत्र तर मला वडिलांपेक्षाही शुद्ध येत होता.

मी तसेच केले. घोट्याभोवती रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी काही नाही. कातडी जराशी काळवंडली, बस्स. ठणका मात्र होता तसाच राहिला. दहाबारा दिवस वाट पाहून मी पुन्हा समई लावली.

आमच्याकडे भांडी घासायला जामुलच्या बाजूच्या एका खेड्यातली बाई येत असे. आदल्याच दिवशी तिची हरेली झाली होती. त्या सणाला तिकडचे शेतकरी भेलव्याच्या, म्हणजे आपल्या बिब्ब्याच्या, फांद्या शेतात रोवतात. वाईट नजर तिकडे फिरकत नाही म्हणतात. माझ्या हातात बिब्बा पाहताच ती भांडे टाकून दारापर्यंत मागे सरकली.

"गुरुजी, भेलवा ला घर मा झन जलाओ. ओकर धुआँ घलो चढ़थे."

भेलवा घरात जाळू नका, त्याचा धूरसुद्धा बाधतो, असे ती सांगत होती. मी हसलो. ज्या झाडाची फांदी शेतात रोवून हे लोक हात जोडतात त्याच झाडाला इतके भितात, याची मला गंमत वाटली. त्या भिण्यामागे कितीतरी पिढ्यांचे उतलेले, फोडांनी भरलेले हातपाय असतील, हे मनात आले नाही. मी तिला सांगितले की मंत्र म्हटल्यावर काही होत नसते.

या वेळी मी खोबरेल घेतले नाही. पहिल्या खेपेला औषध कमी पडले असा माझा निष्कर्ष होता. तीन बिब्बे लागले. घोट्यापासून पोटरीपर्यंत पट्टे ओढले.

"अहो, पाय आहे माहा, होमकुंड नाही. किती ओतता?" पत्नी म्हणाली.

"हलू नकोस. मंत्र तुटेल."

"तुटू द्या न जी. पाय जुळला म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी खाज सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लुगडे गुडघ्यापर्यंत वर केले तेव्हा मी पूजेची फुले निवडत होतो. मी पाहिले आणि परडी हातातून पडली. पाय पायासारखा राहिला नव्हता. मी ओढलेल्या पट्ट्यांवर बोराएवढे फोड एकाला एक चिकटून उभे राहिले होते; काही फुटले होते आणि त्यांतून पिवळसर चिकट पाणी ओघळून टाचेपाशी थिजले होते. मधली कातडी लालभडक, ताणलेली, चकचकीत. जिथे मी तेल लावलेच नव्हते त्या मांडीवर, हातावर, पापण्यांवरही पुरळ चढला होता. एक डोळा सुजून मिटला होता. आणि वास. शिळ्या पेजेला लोखंडाचा वास यावा तसा काहीतरी. तिने वाकून पाहताना एक फोड फुटला आणि त्याचे पाणी माझ्या पायाच्या अंगठ्यावर उडाले.

मला ओकारी आली. मी न्हाणीघराकडे धावलो. आवाज तिला ऐकू गेला असणार. आमच्या क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या. परत आलो तेव्हा तिने लुगडे खाली ओढून घेतले होते.

"बिब्बा उतला," ती एवढेच म्हणाली.

सिविक सेंटरजवळ त्या काळी एक त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई बसत. नागपूरकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, बोलायला स्पष्ट. ऑटोतून तिला त्यांच्याकडे नेले. पाय पाहून त्यांनी विचारले, "काय लावलंत?"

मी सांगितले. मंत्राचाही उल्लेख केला; का केला कोण जाणे.

"मंत्राला मी काही म्हणत नाही, गुरुजी. पण तेल कितव्यांदा लावलंत?"

"दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून जास्त लावलं."

"पहिल्या वेळी काही झालं नाही असं तुम्हाला दिसलं. आत झालं होतं." त्यांनी माझ्या पत्नीच्या पायाखाली स्वच्छ कापड सरकवले. "ते तेल कातडीत मुरतं आणि कातडीच्या पेशींना चिकटून बसतं. शरीराचे जे पहारेकरी असतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांना आपलीच कातडी मग परकी दिसू लागते. पहिल्या दहाबारा दिवसांत त्यांनी तेवढी ओळख पटवून घेतली आणि आपली फौज वाढवली. दुसऱ्यांदा तुम्ही तेल लावलंत तेव्हा फौज तयारच होती. हे जे दिसतंय ते बिब्ब्यानं भाजलेलं थोडं आणि काकूंच्या स्वतःच्या पेशींनी जाळलेलं जास्त."

मला ही गोष्ट पटायला नको होती. तेलाने भाजले असते तर दोष तेलाचा झाला असता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले की दिवसातून दोनदा पोटॅशियम परमँगनेटचे फिकट जांभळे पाणी करायचे, कापडाच्या घड्या त्यात भिजवून पायावर वीस मिनिटे ठेवायच्या, आधीची घडी चिकटली असेल तर ओली करून सोडवायची, कोरडी कधीही ओढायची नाही. "हे कोण करणार? काकूंना वाकता येणार नाही."

"कामाला बाई येते," मी म्हणालो.

पत्नीने त्या एका उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले. 

घरी कामाच्या बाईने पाय पाहिला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. "एहर भेलवा के रिस आय गुरुजी. मैं नइ छुअँव." हा भेलव्याचा कोप आहे, मी शिवणार नाही. तिच्यावर रागावण्याचा मला काय अधिकार होता? तिने मला आधीच सांगितले होते.

आता माझे श्रावणव्रत. आषाढ अमावास्या नुकतीच सरली होती. प्रतिपदेपासून महिनाभर रोज मातीचे शिवलिंग करून सोवळ्यात रुद्राभिषेक करायचा, असा नेम मी लग्नाआधीपासून पाळत आलो होतो. माझे सोवळे कडक असे. नेसायचा रेशमी मुकटा वळणीवर उंच वाळत पडे आणि तो हाताने न शिवता वेळूच्या काठीने उचलून घ्यायचा. सकाळची घडी बदलायची वेळ आणि अभिषेकाची वेळ एकच येत होती. मी मनाशी म्हटले, पू, लस, रक्त यांना शिवून पूजा कशी करणार? हे मी धर्म म्हणून म्हटले. पण खरे सांगतो, त्यामागे धर्म नव्हता, ओकारी होती. शास्त्रात रुग्णसेवेसाठी किती मोकळीक आहे ते मला पाठ होते; मी ते त्या आठवड्यात आठवले नाही, इतकेच.

पहिल्या दिवशी मी घडी बदलली ती अशी: तोंडावर उपरणे बांधले, मान वळवली, पळीने लांबून पाणी ओतले, आणि ओली घडी वेळूच्या त्या काठीच्या टोकाने उचलून बादलीत टाकली.

ती ताठ बसून राहिली. मग म्हणाली, "काठीनं उचलून राहिले तुमी मले? मी का वळणीवरचा मुकटा आहे?"

"तसं नाही. लस लागली तर पसरते."

"डॉक्टरीणबाई म्हणे पसरत नाही. त्या पाण्यात बिब्बा नसते म्हणे. तुमीच होते न तिथं."

मी बादलीतली घडी काठीने खाली दाबली.

"किळस येऊन राहिली तर तसं सांगा न. मले समजते. पण धर्माच्या आड कावून लपता? तीस वर्षं तो मुकटा मी धुतला. लेकरांचं हगणंमुतणं काढलं अन् आंघोळ करून तुमचा नैवेद्य रांधला. मले किळस आली नसन का?"

मी काठी भिंतीला लावली आणि पूजेला गेलो. तो अभिषेक मी कसा केला ते सांगत नाही. पिंडीवरून ओघळणारे दूधदेखील मला त्या पायासारखे दिसत होते आणि मला देवाचीच किळस येते की काय, अशी भीती वाटली.

त्यानंतर दोन दिवस तिने मला हाकच मारली नाही. मी शाळेत गेलो की ती स्वतः स्टुलावर पाय ठेवून घडी बदलत असे. वाकता येत नव्हते, डोळा मिटलेला. मग पाणी घालण्याचे कष्ट न करता घडी कोरडीच ओढी. घडीबरोबर कातडी येई. हे मला तिसऱ्या दिवशी कळले, जेव्हा ती तापाने फणफणली आणि पोटरीवर पिवळा दाट पू साचलेला दिसला. मागच्या अंगणात बादलीत टाकलेल्या घड्यांवर माश्या बसल्या होत्या, आणि त्या घड्यांना कातडीचे पापुद्रे चिकटलेले होते, कांद्याच्या सालीसारखे. ती माझ्या बायकोची कातडी होती आणि माश्या ती खात होत्या.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. पाय पाहून त्यांचा चेहरा पडला. "घडी कोरडी कोणी ओढली?"

पत्नी म्हणाली, "मीच. मले घाई होती."

मी तिच्याकडे पाहिले. तिने मला पाठीशी घातले होते. आयुष्यात इतकी शरम मला दुसऱ्या कशाची वाटली असेल असे आठवत नाही.

"मी ओढायला लावली," मी म्हणालो. "मी शिवत नव्हतो."

डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, नव्या गोळ्या लिहिल्या आणि मला दाराशी बोलावून सांगितले की उद्यापर्यंत ताप उतरला नाही तर इस्पितळात भरती करावे लागेल. जंतू रक्तात गेले तर पायाचे सोडा, जिवाचे कठीण आहे. मी विचारले, "आणि ती आतली फौज? ती कधी थांबणार?"

"शिपाई मेले की."

"कोण मारणार त्यांना? या गोळ्या?"

"गोळ्या मदत करतात. पण मारणारं बाहेरून कोणी येत नाही, गुरुजी. मरायची तरतूद त्यांच्या आतच केलेली असते. काम झालं, खुणेचं रसायन मिळेनासं झालं, की पेशी स्वतःच आवरतं घेते. आक्रसते, आपलेच तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा आवरणात गुंडाळते, म्हणजे आतलं विष बाहेर सांडू नये. मग शेजारच्या मोठ्या पेशी येतात आणि ते तुकडे खाऊन टाकतात. आमच्या पुस्तकात याच्यावर चार ओळी होत्या. आता गेल्या काही वर्षांत जगभर याच्याच मागे लागलेत लोक."

"खाऊन टाकतात?"

"हो. म्हणून तर सूज उतरते. त्या न मरता राहिल्या, किंवा फुटून मेल्या, तर आग वाढतच जाते. तुम्ही हा पू बघताय ना? त्यात मेलेले शिपाईच आहेत बरेचसे. जंतूंशी लढून मेलेले. खाणाऱ्यांना उरकलं नाही इतके मेले म्हणून ढीग साचलाय. तो आपल्याला धुवावा लागेल."

 मी अंत्यविधी केले आहेत, चितेजवळ उभा राहिलो आहे, तिथे कधी काही वाटले नाही. पण जिवंत माणसाच्या कातडीखाली रोज असंख्य मरणे व्हावीत, आणि शेजाऱ्यांनी ती मढी गिळावीत, आणि यालाच बरे होणे म्हणावे! मी तसे बोललोही. त्या हसल्या. "हे तर काहीच नाही. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. लहानपणी तिथे या पेशी जणू शाळेत जातात. आपल्याच देहावर धावून जातील अशा ज्या दिसतात त्यांना तिथंच मरावं लागतं. आत जातात त्यांतल्या फार थोड्या बाहेर पडतात."

मी शिक्षक. नापास झालेल्या मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा बसवणारा. त्या शाळेची कल्पना माझ्याने करवेना. "आणि एखाद्याच्या शरीरात ही मरणे झालीच नाहीत तर?" मी विचारले.

"अशी माणसं मी पाहिली आहेत," त्या आता हसत नव्हत्या. "कुठली पेशी मरायची चुकली, कुठं मढी उचलायची राहिली, सगळं अजून कळलेलं नाही. पण त्यांचं शरीर वर्षानुवर्षं स्वतःवरच लढत बसतं. सांधे, मूत्रपिंड, कातडी. काकूंचं तसं होणार नाही, असं मला वाटतं. पण तुम्ही धुवा. कोरडं ओढू नका."

त्या गेल्या. मी मुकटा सोडून जुने सुती धोतर नेसलो. परातीत जांभळे पाणी केले. उपरणे तोंडाला बांधले नाही, कारण तिला माझे तोंड दिसायला हवे होते. तिच्या पायाशी जमिनीवर बसलो आणि टाच माझ्या तळहातावर घेतली. गरम, चिकट, जड. मी घडीवर पाणी सोडत राहिलो. बराच वेळ ती सुटेना. मग एक कोपरा सुटला, त्याखालून पू आला, माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला, आणि तो वास आला.  मी परात बाजूला सारली, उठून ओकलो, चूळ भरली, पुन्हा येऊन बसलो.

"झालं का?" तिने विचारले.

"एकदा झालं. आणखी होईल."

"होऊ द्या. परातीत नका ओकू म्हणजे झालं. माहा पाय आहे तिथं."

त्या तापातही ती हसली. मीही हसलो असेन. मग पुन्हा बादलीकडे धावलो.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पण पुरळ ओसरायला दिवस लागले, आणि त्या दिवसांत मी अशी एक प्रार्थना केली जी कोणत्या पोथीत असेल असे वाटत नाही. आधी शाळेतून रजा घेतली. सकाळी पायाशी बसून घडी बदलायची, मग स्नान, मग अभिषेक. संध्याकाळी पुन्हा घडी. परमँगनेटने माझी नखे आणि बोटांची टोके तपकिरी झाली होती, कशानेही डाग जाईना. त्याच बोटांनी मी बेलाचे पान पिंडीवर ठेवायचो आणि मागायचो: मरू देत. हिच्या देहातले जे हिलाच परके समजून जाळत सुटले आहेत त्यांना त्यांचे मरण वेळेवर आठवू दे. तीस वर्षे मी त्या पिंडीपुढे आयुष्य मागितले होते. आता कोट्यवधी मरणे मागत होतो, आणि मागताना अंगावर काटा येत होता. संहार हा शब्द मी मुलांना कितीदा समजावून दिला असेन. तो कोणाच्या पोटरीत रोज दोन वेळा आपल्या बोटांना लागतो, तेव्हा त्याची चव वेगळी असते. ती चांगली नव्हती.

एके सकाळी घडी सोडवली तेव्हा खाली ओल नव्हती. लाली विटकरीवरून गुलाबी झाली होती. फोडांच्या जागी कोरडी, राखाडी साल धरली होती, आणि दोनतीन दिवसांत ती सुटू लागली. चादर झटकली की तिचा भुगा उडे. अंथरुणात, तिच्या चपलेत, माझ्या धोतराच्या निऱ्यांत तो सापडे. मी तो झाडून गोळा करीत असे आणि दर वेळी शिसारी येई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फौज विरली. जखम धुता धुता मी त्या विरण्याची वाट पाहिली होती. तरी एवढ्यांतला एकही मरताना मला दिसला नव्हता. मला दिसला तो फक्त कचरा.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी ती स्वतःच्या पायाने चालत देवघरापर्यंत आली आणि माझ्या तपकिरी नखांकडे पाहून म्हणाली, "या हातानं तीर्थ देता का मले?"

"दुसरे कुठून आणू?"

तिने हात पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी निरोप देताना एक गोष्ट बजावली होती. "सगळे शिपाई मेलेले नाहीत. थोडे मुद्दाम मागे राहतात, आठवण ठेवायला. ते कितीतरी वर्षं राहतील, कदाचित जन्मभर. बिब्बा पुन्हा लागला तर दहाबारा दिवस थांबणार नाहीत. तेल तर नाहीच; धोब्याची खूणसुद्धा नको, ती बिब्ब्याच्या रसाचीच असते. आंब्याचा चीकही जपून." मी हे घरी येऊन विसरलो. पुढच्या वर्षी धोब्याकडून लुगडी आली, त्यांच्या काठाजवळ त्याने काळी खूण घातलेली, आणि कमरेवर जिथे तो काठ खोचला जाई तिथे रुपयाएवढा लाल चट्टा उठला. चारच फोड होते. पण मला तो वास नाकात आला; खरा होता की आठवणीतला ते सांगता येत नाही.

तेव्हापासून तिची लुगडी मी धुतो. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून या जुनवानीच्या घरी आल्यावर सुनेने कपडे धुण्याचे यंत्र आणले, तरी मी धुतो. लोकांना तो म्हाताऱ्याचा चक्रमपणा वाटतो. कैरीचे देठ मी काढतो, आंबे मी पिळतो. नातसुनेने एकदा विचारले होते, आजोबा, तुम्ही हे सगळे का करता? तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर सांगितले. हे त्याचे उत्तर.

किळस गेली का? नाही. आजही कोणाची जखम पाहिली की पोट वर येते. कालच बाळाची नाळ गळून पडली, काळी, सुकलेली, आणि सुनेने ती माझ्यापुढे धरली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पण हात मागे नेला नाही. ती मी कापसात ठेवली आणि हात धुतले.

बिब्बे मी जाळणार नाही. त्यांचा धूर चढतो हे मला एका शहाण्या बाईने सांगितले होते. उद्या बारसे आटोपले की अंगणाच्या कोपऱ्यात खोल पुरीन. विहीणबाईंनी राग मानू नये. शकुन म्हणून हव्या असतील तर सात सुपाऱ्या मी देतो.

तो भस्मधारी या बाळंतिणीला धड कातडी आणि शांत रक्त देवो. तिच्या बाळाच्या छातीतल्या त्या लहानशा शाळेत जे नको ते वेळेवर विरो आणि जे हवे ते टिको. आणि ज्यांनी ही किळस शेवटपर्यंत वाचली त्यांच्या घरात कोणी आजारी पडले, तर त्याच्या पायाशी बसायला हात असोत, आणि त्या हातांना काठी न लागो.